इकडील सर्व क्षेम

माझ्याकडे बॅगा तोलायचा एक लोंबता काटा आहे. २०१४ साली न्यू मार्केटातून घेतला होता, मुलगा अमेरिकेला शिकायला निघाला तेव्हा. दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. त्यावर गेलं की विमानतळावर सगळ्यांदेखत बॅग उघडून लोणच्याची बरणी बाहेर काढायची वेळ. मुलगा गेला, काटा राहिला, आणि तेव्हापासून दर जुलै-ऑगस्टात तो शिवाजी नगरात घरोघरी फिरतो. आम्ही तिथलं सरकारी क्वार्टर सोडून कोलार रोडला राहायला आलो त्याला सहा वर्षं होतील, पण काटा काही आमच्याबरोबर आला नाही. तो जुन्या लाइनीतच असतो. या क्षणी कुणाकडे आहे, ते फोन करून शोधावं लागतं.

काट्यामागोमाग मलाही बोलावणं येतं. "काकू, एकदा येऊन तिच्याशी बोला ना, तुमचं ऐकेल ती." मी सहा नंबर स्टॉपला उतरते, पोरीशी बोलते, आणि पाच मिनिटांत बोलणं संपतं, कारण तिला सगळं माझ्याहून जास्त माहीत असतं. कुठल्या दुकानात तांदूळ स्वस्त, कुठल्या बसचा पास काढायचा, थंडीचा कोट इथून न्यायचा नाही. मग मी म्हणते, तू जा, तुझी आवराआवर कर, मला जरा तुझ्या आईबाबांशी बोलायचंय. ते दोघं चपापतात. दर वेळी चपापतात.

शिवाजी नगर म्हटल्यावर पुण्याचं डोळ्यांपुढे आलं असेल तर थांबा. आमचं शिवाजी नगर भोपाळचं. पाच नंबर, सहा नंबर, सात नंबर असे स्टॉप मोजत जायचं; दोन्ही बाजूंना सरकारी क्वार्टरं आणि क्वार्टरांवर ओणवलेली झाडं. २०२४ च्या जूनमध्ये इथे आणि शेजारच्या तुलसी नगरात मंत्री-आमदारांचे बंगले बांधायचे म्हणून २९ हजार झाडं तोडायचं ठरत होतं. बायाबापड्या रस्त्यावर आल्या, झाडांना मिठ्या मारून उभ्या राहिल्या, आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. झाडं आमची म्हणून आम्ही भांडलो. पण क्वार्टर? अंगणातला पेरू आपण लावलेला असतो, ओटा आपण बांधून घेतलेला असतो, पंचवीस-तीस वर्षं राहून आपण विसरून गेलेलो असतो की घर सरकारचं आहे. आठवण येते ती बँकेत. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जाला बँक विचारते, तारण काय देता?

चपापण्याची सुरुवात तिथून होते. घर नसतं. गावाकडच्या घरात चार भावांचे हिस्से असतात. मग साळ्याचा प्लॉट, सासऱ्यांची एफडी, बायकोच्या पाटल्या, जीपीएफमधून काढलेली रक्कम (२००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जीपीएफ नाहीच, एनपीएस आहे, आणि त्यातून मनासारखे पैसे काढता येत नाहीत), असं तुकडे जोडून गोधडी शिवतात तसं ते कर्ज उभं राहतं. आणि हे सगळं मुलांपासून लपवलेलं असतं. "त्याला कशाला टेन्शन, त्याने फक्त अभ्यास करावा." हे वाक्य मी किती घरांत ऐकलं असेल त्याला गणती नाही. मीही ते म्हटलेलं आहे. म्हणून त्यावर बोलायचा मला अधिकार आहे असं समजते.

आमच्या घरात ही लपवाछपवी जुनी आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला. नागपूरची राजधानी गेली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नागपूरच्या सचिवालयातल्या कितीतरी मराठी माणसांना फायलींबरोबर भोपाळला यावं लागलं. माझे बाबा त्यातले एक. पंचविशीतला कारकून, हिंदी येत होती पण भोपाळची उर्दूमिश्रित हिंदी कानावरून जायची. टी. टी. नगरातली क्वार्टरं बांधून होईपर्यंत चौघांत एक खोली. नागपूर रेल्वेनं चारशे किलोमीटरही नाही. पण आजीच्या लेखी भोपाळ परदेशच होतं. आठवड्याला एक कार्ड जायचं. "ती. सौ. आईस शि. सा. नमस्कार वि. वि. इकडील सर्व क्षेम." आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत ती कार्डं सुतळीनं बांधलेली सापडली. मी सगळी वाचली. त्यात एका हिवाळ्यात बाबांना टायफॉइड होऊन ते तीन आठवडे पडून होते, त्याचा एका अक्षरानं उल्लेख नाही. आणि बाबांच्या पेटीत आजीची उत्तरं होती. "इकडील सर्व क्षेम, काळजी नसावी." त्याच वर्षी तिनं विहिरीजवळचा जमिनीचा तुकडा विकला होता. बाबांना ते कळलं चार वर्षांनी, गावी गेल्यावर, शेजाऱ्याच्या तोंडून. त्यांना राग जमिनीचा आला नाही. आपण त्या चार वर्षांत एक सायकल घेतली, सिनेमे पाहिले, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. माहीत असतं तर घेतली नसती.

आता कार्डाच्या जागी व्हिडिओ कॉल आला. आम्हाला वाटलं, चेहराच दिसतोय म्हटल्यावर काय लपणार? सगळं लपतं. मी स्वतः लपवलंय. २०१५ च्या जानेवारीत आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मुलाची पहिली परीक्षा नुकतीच झालेली, दुसरं सेमिस्टर सुरू होत होतं. आम्ही ठरवलं, सांगायचं नाही. तीन रविवार मी हॉस्पिटलातून घरी येऊन, केस नीट करून, देवघराची भिंत मागे येईल असं बसून कॉल केला. "बाबा कुठायत?" "फिरायला गेलेत रे." तो म्हणायचा, "बरं." आता वाटतं, एवढ्या चटकन कसा "बरं" म्हणायचा तो? कारण त्यालाही कॉल लवकर संपायला हवा असायचा. पहिल्या सेमिस्टरमध्ये एका विषयात तो आपटला होता. सरासरी तीनच्या खाली गेली, म्हणजे विद्यापीठाच्या भाषेत प्रोबेशन: पुढच्या सत्रात सुधारा, नाहीतर बाहेर. खोलीचं भाडं भागावं म्हणून कँपसवरच्या भोजनालयात भांडी घासायचं काम धरलं होतं. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कँपसवर आठवड्याला वीस तास काम करता येतं, त्यात बेकायदेशीर काही नव्हतं. पण बाप कोषालयात राजपत्रित अधिकारी, आणि मुलगा भांडी घासतो, हे आईला कसं सांगायचं?

फुटलं ते नागपूरच्या जावेकडून. तिनं सहज त्याला मेसेज केला, काकांची तब्येत आता कशी आहे रे. भोपाळात पहाटेचे तीन वाजले होते. फोन वाजला, आणि तो एवढंच म्हणाला, "मम्मी, बाबांना काय झालं होतं?" मी उत्तर द्यायच्या ऐवजी विचारलं, "तू जेवत का नाहीस?" कारण तीन महिने त्याच्या गालांची हाडं मला दिसत होती आणि मी विचारत नव्हते. चाळीस मिनिटांत सगळं बाहेर आलं, दोन्हीकडचं. शेवटी ह्यांनी फोन मागितला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. हे म्हणाले, "किती क्रेडिट राहिलेत, आणि एकाची फी किती?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एका फुलस्केपवर सगळा हिशेब मांडला. कुणाकडून किती घेतलं, बँकेचं किती, व्याज कुठवर आलंय, पेन्शन किती बसेल, क्वार्टर कधी सोडायचं. खाली सही केली, जुनी सवय. फोटो काढून मुलाला पाठवला. त्या दिवसापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी हिशेबाचा कॉल होऊ लागला. पदवीला एक सेमिस्टर उशीर झाला, त्याचे पैसे गेले. पण तो वाचला, असं मी अजूनही म्हणते, आणि अतिशयोक्ती म्हणून म्हणत नाही.

तेव्हा, आईबाबा, पहिली गोष्ट. तिकडचं कॉलेज तुम्हाला काही कळवणार नाही. आपल्याकडे शाळेत डायरी येते, कॉलेजात हजेरी कमी पडली तर घरी पत्र येतं. अमेरिकेत १९७४ पासून कायदा आहे: विद्यार्थी उच्च शिक्षणाला लागला की त्याच्या गुणांवर, फाइलीवर हक्क त्याचा. त्याच्या लेखी संमतीशिवाय विद्यापीठ आईबापाला साधारणपणे काही दाखवत नाही, मग फी तुम्ही भरा नाहीतर तुमच्या आजोबांनी भरा. युरोपातही विचारून पाहा, तेच उत्तर मिळेल. म्हणजे मूल नापास झालं, आजारी पडलं, वर्गात जाणं थांबलं, हे कळायचा एकच रस्ता उरतो, आणि तो म्हणजे मूल स्वतः. तो रस्ता तुम्हीच बंद करून पाठवलंत तर?

आणि लपवण्याचा दंड अमेरिकेत मोठा असतो. अभ्यास झेपेना म्हणून मुलगा गुपचूप एक विषय सोडतो. इथे त्यानं फार काही बिघडत नाही. तिथे परदेशी विद्यार्थ्याला पूर्ण वेळ शिकत असणं ही व्हिसाची अट असते. आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाची आधी परवानगी न घेता विषय कमी केले की कागदोपत्री त्याचा तिथे राहण्याचा हक्कच जातो. तोच मुलगा आधी जाऊन म्हणाला, की मला शिकवण्याची पद्धत नवी आहे, झेपत नाहीये, किंवा मी आजारी आहे, तर त्याच कार्यालयाला भार कमी करून द्यायची सोय असते. म्हणजे तीच अडचण, तोच मुलगा. आधी बोलला तर सूट, नंतर उघडकीला आलं तर घरवापसी. पण ज्याला घरातच "सगळं ठीक" म्हणायची सवय लावली, तो परक्या कार्यालयात जाऊन "ठीक नाही" कसं म्हणेल?

आता पैशांचं. मला यातलं फार कळतं असं नाही, ह्यांच्या संगतीनं थोडं कळलं. कर्ज घेतलं की अभ्यासाच्या काळात हप्ता नसतो, म्हणून लोकांना वाटतं व्याजही नसतं. असतं. ते पहिल्या दिवसापासून चढत असतं. समजा ३० लाखांचं कर्ज आहे आणि दर साडेदहा टक्के. सगळी रक्कम उचलल्यावर वर्षाला ३ लाख १५ हजार नुसतं व्याज, महिन्याला २६ हजारांवर. दोन वर्षांचा अभ्यास आणि वरती नोकरी शोधायची मुदत धरली तर परतफेड सुरू होताना आकडा ३६ लाखांच्या आसपास गेलेला असू शकतो. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेअठ्ठेचाळीस हजार. हा आकडा मुलाला माहीत हवा की नको? माहीत असेल तर तो पहिल्या वर्षी नुसतं व्याज तरी थोडं थोडं भरायचं पाहील. माहीत असेल तर शहर निवडताना भाड्याचा विचार करील. अहो, फेडायचं त्यालाच आहे. ज्याला फेडायचंय त्यालाच आकडा माहीत नाही, असा व्यवहार कुठल्या सराफानं तरी केला असता का?

व्याजावर आठ वर्षं करात सूट मिळते, पण जुन्या करपद्धतीतच. नवीन घेतली असेल तर नाही. आणि स्वतःचे पैसे बाहेर पाठवताना वर्षाला १० लाखांपुढे बँक टीसीएस हा कर कापते (२०२५ च्या एप्रिलपर्यंत ही मर्यादा ७ लाख होती). बँकेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशाला आता तो लागत नाही. एवढं तुमच्या सीएला विचारून घ्या, मी पुढे जाते.

कारण मला बोलायचंय ते दाखवायच्या पैशाबद्दल. प्रत्येक देश विचारतो, तुमच्या मुलाचं पोट भरायला पैसे आहेत का? जर्मनी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरायला लावते आणि मग महिन्याला ९९२ युरो मुलाच्या हातावर ठेवते. कॅनडानं ही रक्कम २०२४ च्या जानेवारीत १० हजार डॉलरवरून एकदम २०,६३५ केली आणि २०२५ च्या सप्टेंबरपासून २२,८९५. फी आणि विमान वेगळं. इंग्लंडला ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस दिसावी लागते. यातल्या एका शब्दात सगळी गंमत आहे: दिसावी. एम. पी. नगरात कोचिंगच्या पाट्यांच्या मध्ये परदेशी शिक्षणाच्या पाट्या आहेत, त्यातल्या एका ठिकाणी मला अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "मॅडम, फंड दिखाने की चिंता मत कीजिए, वो हम अरेंज कर देंगे." महिनाभर कुणाचे तरी पैसे तुमच्या खात्यात, त्यावर व्याज, काम झालं की परत. त्या दिवशी मी चपला घातल्या. आमचं नशीब, की ह्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या बिलांवर लाल शेरे मारलेले. पण मला माहीत आहे, आपल्यातल्या काहींनी असे पैसे दाखवलेले आहेत. व्हिसा मिळाला, पेढे वाटले गेले. आणि मुलगी तिथे उतरल्यावर पहिल्या महिन्याचं भाडं कुठून द्यायचं, हा प्रश्न तिच्या एकटीच्या पदरात पडला. सरकारला खोटं दाखवलं हे बाजूला ठेवा, ते तर चूकच. पण ते खोटं तुम्ही आधी स्वतःला दाखवलंत.

सल्लागारांना मी नावं ठेवत बसत नाही. चांगलेही असतात. एवढंच लक्षात ठेवा, की पुष्कळांना कमिशन विद्यापीठाकडून मिळतं. म्हणजे तुमचा सल्लागार तुमच्या नोकरीत नाही, तो त्यांच्या नोकरीत आहे. २०२३ मध्ये कॅनडात आपली मुलं बनावट प्रवेशपत्रांवर गेलेली निघाली, वर्षं उलटून गेल्यावर. त्यानंतर तिथलं सरकार प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. ती पडताळणी तुम्हीही करू शकता. विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्त्यावर मुलाकडून एक मेल पाठवून घ्या: हे पत्र तुमचंच ना? वैद्यकीय शिक्षणाला पाठवणाऱ्यांनी तर दुप्पट सावध राहावं. आपल्याकडच्या वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे बाहेरचा अभ्यासक्रम निदान ५४ महिन्यांचा हवा, वर एक वर्ष तिथेच इंटर्नशिप, शिकवणं इंग्रजीतून, आणि आधी 'नीट' परीक्षा पास झालेली. हे नसेल तर सहा वर्षांनी मूल पदवी घेऊन येईल आणि इथे त्याला स्टेथोस्कोप लावता येणार नाही.

आता जे बोलायला मला सगळ्यात अवघड जातं, ते. परत येण्याबद्दल.

निरोपाच्या समारंभात आपल्याकडे कुणीतरी उठून आनंदीबाई जोशींचं नाव घेतंच. मला तेव्हा कसंसं होतं. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून नवऱ्याशिवाय बोटीत बसलेली ती मुलगी मोठीच होती. पण १८८६ च्या मार्चमध्ये तिला पदवी मिळाली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत ती पुण्यात वारली, वय २१. प्रकृती ढासळत होती तरी तिनं अभ्यास रेटला. हे भाषणात कुणी सांगत नाही. समोर बसलेल्या मुलीला काय ऐकू जातं? की मध्येच थांबायचं नसतं.

त्यापेक्षा मला आमच्या महूच्या आंबेडकरांचं सांगा. भोपाळपासून दोनेकशे किलोमीटरवर महूच्या छावणीत १८९१ मध्ये जन्मलेले बाबासाहेब. बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, ते १९१३ मध्ये कोलंबियाला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. आणि १९१७ मध्ये? शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि ते लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत आले. हे आपण घाईनं ओलांडून जातो. परत आले, बडोद्यात अपमान गिळला, मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून शिल्लक टाकली, नवल भाथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेतलं, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठलं. डी.एस्सी. झाले १९२३ मध्ये. १९१७ साली मुंबईच्या एखाद्या चाळीत कुणी म्हणालं असेलच, "आला बघा परत." म्हणो बापडे. परत येताना त्यांनी एक शहाणपणा केला होता: चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करता येईल अशी विद्यापीठाची परवानगी घेऊन ठेवली होती. दार लावून आले नाहीत, लोटून आले.

हे मी मुलांना सांगत नाही. तुम्हाला सांगते. जाण्याआधी एकदा, मोठ्यानं, जेवताना, सहज आवाजात म्हणा: "नाही जमलं तर परत ये. कर्जाचं आपण बघू." आणि म्हणताना तुमच्या डोक्यात खरंच त्याची बेगमी असू द्या; सहा महिन्यांचा हप्ता आणि एका परतीच्या तिकिटाचे पैसे बाजूला. नुसत्या शब्दांना मुलं फसत नाहीत. समारंभाचा खर्च कमी केला तर तिकिटाचे निघतात, बरं का. हॉल, केटरर, आणि ते फुलांचं "हॅपी जर्नी".

उलट प्रश्नही विचारू नका. "परत येणार ना?" असं स्टेशनवर मुलीच्या खांद्याला धरून विचारणाऱ्या आया मी पाहिल्यात. तिला कसं माहीत असणार? ज्या बरकतउल्ला विद्यापीठाच्या खिडकीशी आपली मुलं ट्रान्सक्रिप्टसाठी ताटकळतात, ते ज्यांच्या नावाचं आहे ते मौलाना बरकतउल्ला भोपाळचेच. स्वातंत्र्यासाठी देशोदेशी फिरले, १९२७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत वारले, कबर कॅलिफोर्नियातच. आणि त्यांच्याच गदर चळवळीतले आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, मेक्सिकोत प्राध्यापक झाले, आणि म्हातारपणी येऊन नागपुरात विसावले. निघताना दोघांनाही कुणी हा प्रश्न विचारला असता, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं?

बारीकसारीक गोष्टी भराभर सांगते. दात इथेच दुरुस्त करून पाठवा, चष्मा दोन जोड. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या विम्यात दात बहुधा नसतात. लहानपणचं लसीचं कार्ड शोधा. सापडणार नाही, तेव्हा गोवर-गालगुंडाची लस पुन्हा टोचून त्याचा कागद घ्या. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर मुलाची नोंद करायला लावा. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि आपली मुलं अडकली, ते विसरू नका. मुलाच्या खोलीत राहणाऱ्या निदान एकाचा नंबर तुमच्याकडे असू द्या, आणि तो पाळत ठेवायला वापरू नका. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला जायचं असेल तर पंजाब मेलनं आदल्या दिवशी पोचा, त्याच सकाळी नको. आणि तारीख पुढे गेली, तर घरात सुतक पाळू नका; २०२५ च्या मे-जूनमध्ये अमेरिकेनं नव्या मुलाखतींच्या वेळा देणंच तीन आठवडे थांबवलं होतं, त्यात तुमच्या पोराचा काय दोष होता? फोन रोज नको. पण ज्या दिवशी ठरलाय त्या दिवशी चुकवू नका, आणि आधी तुमची एक अडचण सांगा, लहानशी का होईना. नळाला पाणी नाही, गुडघा दुखतोय, शेजाऱ्यांशी बोलाचाली झाली. आपण आधी सांगितलं की तीही सांगते. हे मी दहा वर्षांत पारखून घेतलंय.

गेल्या रविवारी काटा परत मागायला गेले होते. त्या घरातली मुलगी जर्मनीला निघालीय, ऑक्टोबरच्या सत्राला. वडील पुढच्या वर्षी ६२ पूर्ण करतात, म्हणजे निवृत्त होतात. मी चार महिन्यांपूर्वी त्यांना हेच सगळं सांगितलं होतं. तेव्हा ते नुसते मान हलवत होते. या वेळी टेबलावर एक वही उघडी होती. डाव्या पानावर घेतलेलं, उजव्या पानावर द्यायचं. मुलगी पेन घेऊन बसली होती. "नवा लॅपटॉप, ९० हजार" या ओळीवर तिनं काट मारली आणि शेजारी लिहिलं, "जुना चालतो." मग उजव्या पानावर बोट खाली खाली नेत एका रिकाम्या ओळीशी थांबली.

"बाबा, क्वार्टर कधी सोडायचं?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. त्या घरात हा प्रश्न आजवर कुणी उच्चारला नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पुढच्या ऑगस्टनंतर," ते म्हणाले. "थोडी मुदत मिळते."

"मग माझी पुस्तकं मामाकडे ठेवून जाते," ती म्हणाली आणि तारीख लिहून घेतली. "तुम्हाला तेव्हा खोकी उचलायला नकोत."

वडिलांनी काटा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, राहू दे, पुस्तकांनाही लागेल.